पेट्रोलची वाट

विमानविद्येचा इतिहास लिहिताना पंख आणि यंत्रे यांचे जेवढे कौतुक झाले, त्याच्या शतांशानेही टाकीतून यंत्राकडे जाणाऱ्या बोटभर जाडीच्या नळीचे झाले नाही; आणि तरीही घरच्या गॅरेजात स्वहस्ते विमान बांधून त्यातून उडणाऱ्या माणसाचे प्राण ज्या वस्तूंच्या स्वाधीन असतात, त्यांत या नळीचे स्थान पहिल्या पंक्तीतले आहे, असे माझे मत आहे.

17 डिसेंबर 1903 रोजी किटी हॉकच्या वाळूवर राइट बंधूंचे जे विमान उडाले, तेही त्यांनी स्वतःच घडवलेले होते. त्यात इंधनपंप नव्हता. पंखांमधल्या एका खांबाला बांधलेल्या लहानशा डब्यातून पेट्रोल आपल्याच भाराने खाली उतरत असे. पुढे मिनेसोटातील चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पिटनपोल यांनी फोर्ड मोटारीच्या मॉडेल ए यंत्रावर चालणारे ‘एअर कॅम्पर’ 1929 मध्ये उडवले, तेव्हाही टाकी उंच ठेवून पेट्रोलचा कारभार गुरुत्वाकर्षणावरच सोपवलेला होता. आणि या चाकराने कधी पगार मागितला नाही की रजा घेतली नाही.

1953 मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांच्या पुढाकाराने मिलवॉकीत एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन झाली आणि हौशी बांधणाऱ्यांना हक्काचे घर मिळाले. त्यानंतर वेगाची ओढ वाढली, पंख वैमानिकाच्या डोक्यावरून पायांखाली आले, आणि 1973 मध्ये ऑरेगॉनात कंपनी काढणाऱ्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांची जी आरव्ही विमाने पुढे दहा हजारांहून अधिक संख्येने उडाली, त्यांतील बहुतेकांची टाकी पंखात, म्हणजे यंत्राच्या खालच्या पातळीवर गेली. पेट्रोल आता वर चढवावे लागणार होते. यंत्राच्याच गतीने हलणारा पडद्याचा पंप हे काम करू लागला, आणि तो दगा देईल या भयाने उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी चालू ठेवायचा दुय्यम विजेचा पंप जोडण्याची तजवीज झाली.

पंपाने किती दाब द्यायचा, हे यंत्रावर ठरते. पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या कार्बुरेटरला थोडक्या दाबावर समाधान असते. त्याच्याऐवजी यंत्रात पेट्रोल फवारणारी रचना असली, तर यांत्रिक फवारणीला दर चौरस इंचास वीस-पंचवीस पौंड, आणि मोटारींच्या धर्तीवरील इलेक्ट्रॉनिक फवारणीला सुमारे चाळीस पौंड लागतात. म्हणून जुना पंप काढून जोरकस पंप बसवणे हे वरवर एका सुट्या भागाचे काम दिसले, तरी त्याच्यामागून जास्त दाब सोसणाऱ्या नळ्या येतात, उरलेले पेट्रोल टाकीत परत नेणारी दुसरी वाट येते, आणि दोन्ही पंप विजेचे असले तर बॅटरीवरची सारी मदार येते. शिवाय पंप तापलेल्या यंत्राजवळ उंच बसवला आणि त्याला पेट्रोल दुरून ओढावे लागले, तर ओढीने दाब घटून नळीतच वाफ धरते व प्रवाह तुटतो. पंप टाकीजवळ, खाली, ढकलण्याच्या जागी असावा हा नियम यातूनच आला.

वाटेतल्या फेरफाराची किंमत केवढी असते, याचा दाखला 12 ऑक्टोबर 1997 चा आहे. बर्ट रुटन यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या लाँग-ईझी विमानात टाकी बदलण्याची कळ मूळ आराखड्यातली जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवलेली होती. गायक जॉन डेन्व्हर ती फिरवण्यासाठी मागे वळले असता विमानावरचा ताबा सुटला आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ते समुद्रात कोसळले, असा चौकशीचा निष्कर्ष आहे.

म्हणून नवा पंप बसवल्यावर जी परीक्षा घेतात, ती मला या साऱ्या विद्येतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. विमानाचे नाक चढाईच्या कोनात उचलतात, यंत्राकडची नळी सोडून बादलीत धरतात, पंप चालू करतात आणि हातात घड्याळ घेऊन पेट्रोल मोजतात. पूर्ण जोरात यंत्राला तासाला 40 लिटर लागत असतील, तर पंपाने 50 लिटर द्यायला हवे, म्हणजे गरजेच्या सव्वापट. केवळ गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या विमानाला दीडपट. आकडा भरला की तो दप्तरात नोंदवतात, आणि अमेरिकेत त्या नोंदीखाली बहुधा ज्याने विमान बांधले त्याचीच सही असते.