तेविशीतले विश्वेश्वरय्या

१५ सप्टेंबर आला की प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात एक फोटो बाहेर निघतो. म्हैसुरी पगडी, कोट, टाय, करारी चेहरा. हार घालतात, भाषण होतं, मग वडापाव. मी नाशिकमध्ये शिकलो, चारही वर्षं ती भाषणं ऐकली. या माणसाच्या नोकरीची सुरुवात आपल्याच नाशकात झाली, हे त्यात कुणी सांगितलं नाही.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानातले. वडील लवकर गेले. बंगळुरात शिकवण्या करत १८८१ साली ते बी.ए. झाले. मग संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले, म्हणजे आजच्या सीओईपीत. ही संस्था १८५४ मध्ये सुरू झाली ती सरकारी बांधकामांना हाताखालची माणसं हवी होती म्हणून. तिथून १८८३ साली एल.सी.ई.च्या परीक्षेत ते पहिले आले. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर झाले. नेमणूक नाशिक, आणि लवकरच काम खानदेशात, धुळ्याकडे.

तिथलं दातर्तीचं काम मला फार आवडतं. पाटाचं पाणी पांझरेपलीकडे न्यायचं होतं. त्यासाठी नदीच्या तळाखालून पाइप घालायचा, एका काठाला पाणी आत सोडायचं. पलीकडचं तोंड थोडं खाली ठेवलं की पाणी आपल्याच दाबानं वर येतं. पंप नाही, काही नाही. याला सायफन म्हणतात. कागदावर सोपं आहे. पण पावसाळा लागला, नदी वाढली. काम पावसानंतर करू, असं या नव्या इंजिनिअरनं वरिष्ठांना कळवलं. वरिष्ठांना ते रुचलं नाही. (डेडलाइन पुढे ढकला म्हणणाऱ्या ज्युनिअरचं काय होतं, हे आम्हा आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको.) शेवटी त्यांनी पावसातच काम पुरं केलं.

फोटोतला माणूस हा नाही. तो पुढचा आहे: १९१२ साली म्हैसूरचा दिवाण झालेला, १९५५ मध्ये भारतरत्न मिळालेला, शंभरी गाठून १९६२ साली गेलेला. कॉलेजं आपल्या माजी विद्यार्थ्याला शेवटाकडून आठवतात. त्यामुळे विशीतल्या पोरांना तो आजोबा वाटतो, सहकारी वाटत नाही. आणि जे पगडीपर्यंत पोचलेच नाहीत, त्यांचा तर फोटोही नसतो.

गेल्या वर्षी आमच्या बॅचमधला एक जण गेला. सत्ताविसाव्या वर्षी. ग्रुपवर दीडशे मेसेज आले: हुशार होता, मनमिळाऊ होता, भावपूर्ण श्रद्धांजली. यातलं एकही वाक्य फक्त त्याचं नव्हतं.

विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली खडकवासल्याच्या सांडव्यावर स्वयंचलित दारं बसवली. ठरलेल्या पातळीवर पाणी चढलं की ती आपोआप उघडायची, उतरलं की मिटायची. हे वाचताना मला त्या मित्राचा फायनल इयरचा प्रोजेक्ट आठवला. मामाच्या द्राक्षबागेसाठी त्यानं जमिनीतली ओल मोजून मोटर आपोआप चालू-बंद करणारं यंत्र केलं होतं. मी ग्रुपवर तेवढंच टाकलं. मग एकानं लिहिलं, व्हायवाच्या आदल्या रात्री त्याचा सेन्सर जळाला होता. दुसऱ्यानं लिहिलं, सकाळी सातला शालिमारला जाऊन दुकान उघडायची वाट बघत बसला होता. रात्री एकपर्यंत मेसेज येत राहिले, आणि कोड कुणाकडे आहे याची शोधाशोध सुरू झाली.