दक्षिणेतील मत्स्यविनोद

आटपाडीचे नाव काढले की माणदेशाबाहेरील वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहतात ती उघडी माळराने, खुरट्या बाभळी, मेंढरांचे कळप आणि आभाळाकडे पाहणारी माणसे. हा मुलूख १९४८ पर्यंत औंध संस्थानात होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला तेव्हा तो त्यात गेला, आणि १९६० साली त्या जिल्ह्याचेच नाव सांगली झाले. राज्ये बदलली, जिल्हे बदलले. पाण्याची चणचण मात्र पिढ्यान् पिढ्या तीच राहिली. राजेवाडीचा मोठा तलावसुद्धा १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळात, भुकेलेल्या माणसांच्या हाताला काम मिळावे म्हणून हाती घेण्यात आला होता. अशा मुलखात बसून मासे धरण्याच्या कलेविषयी लिहावयाचे म्हणजे मारवाडात राहून नौकानयनावर व्याख्यान देण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु चांगला पाऊस होऊन तलाव भरला की काठावर वेळूची एक काठी, बारीक दोरा आणि जोंधळ्याच्या ताटातील भेंडाचा तरंगता तुकडा घेऊन बसलेला एखादा माणूस येथेही दिसतोच. पांढरपेशा मनुष्य त्याच्यावरून जाताना फार तर मनात म्हणतो, 'रिकामटेकडा दिसतो.' त्या काठीमागे किती जुनी विद्या उभी आहे, याचा विचार आपण सहसा करीत नाही. तोच येथे थोडासा करावयाचा आहे.

आपल्या सुशिक्षित वर्गाची या बाबतीत एक ठरीव समजूत आहे. मासे धरणे हा एक तर कोळ्याभोयांचा पोटाचा धंदा, नाही तर साहेबाचा छंद. या दोहोंच्या मध्ये तिसरे काही नाही. साहेबाच्या छंदाचा मानबिंदू म्हणजे सॅमन. हा मासा थंड प्रदेशातील नदीत जन्मतो, तरुणपणी समुद्रात उतरतो, आणि पुरता वाढल्यावर प्रवाहाविरुद्ध चढत, धबधब्यांवर उड्या घेत, अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या जन्मनदीकडे परततो. त्याची ताकद एवढी की त्याला जाड दोरीने ओढून काढण्यात लोकांना मौज वाटेनाशी झाली, आणि हलक्या सामग्रीने त्याच्याशी झुंजण्याचा प्रघात पडला. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅम्पबेल रिव्हर येथे १९२४ साली स्थापन झालेल्या टायी क्लबचा नियम असा, की वल्ह्याच्या होडीतून, वीस पौंडांहून अधिक ताण न सोसणाऱ्या दोऱ्याने, तीस पौंडांचा किंवा त्याहून मोठा मासा जो धरील तोच सभासद. बळाला मुद्दाम लगाम घालून कौशल्याला वाव द्यावयाचा, हे त्यातील मर्म. त्याच किनाऱ्यावर दुसरीही एक रीत आहे: हेरिंग नावाच्या लहान माशाचे डोके तिरकस कापून उरलेला देह गळाला लावावयाचा. काप योग्य कोनात पडला तर ते आमिष पाण्यात जखमी माशासारखे गरगरत जाते आणि त्याचा वास दूरवर पसरतो. काप चुकला तर सॅमन त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

इंग्रज या देशात आला तेव्हा सॅमन त्याच्याबरोबर येऊ शकला नाही. पण त्याची आठवण आली. कोकणपट्टीतील रावसाला त्याने 'इंडियन सॅमन' म्हटले, आणि मुंबईच्या बाजारात तो आजही त्या नावाने विकला जातो, जरी सॅमनच्या कुळाशी त्याचे काही नाते नाही. नद्यांत त्याला महाशीर भेटला. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी एच. एस. टॉमस यांनी १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक मंगळुरात प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी महाशीराला सॅमनच्या पंक्तीला आणून बसविले. अशा पुस्तकांमुळे गळाची विद्या विलायतेहून आली हा समज दृढ झाला. इंग्रजीत तिचा पहिला छापील प्रबंध १४९६ चा, आणि आयझॅक वॉल्टनचा सुप्रसिद्ध ग्रंथ १६५३ चा. ही परंपरा थोर खरीच. परंतु तिच्याहून साडेतीनशे वर्षांनी जुना असा एक प्रबंध आपल्या दख्खनमध्ये एका राजाने लिहून ठेवला आहे, याची वार्ता फार थोड्यांना असते.

तो राजा म्हणजे कल्याणीचा चालुक्य तिसरा सोमेश्वर. सहाव्या विक्रमादित्याचा हा पुत्र ११२६ च्या सुमारास गादीवर आला आणि बारा वर्षे राज्य करून ११३८ मध्ये निवर्तला. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. आपल्या धाराशिव-लातूरच्या शिवेलगतचे गाव. त्या काळी माणदेशासह दख्खनचा फार मोठा भाग याच घराण्याच्या छत्राखाली होता. सोमेश्वराचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ म्हणजे राजजीवनाचा विश्वकोशच होय. वीस वीस अध्यायांच्या पाच विंशती, असे त्याचे शंभर अध्याय आहेत. राज्य कसे मिळवावे येथपासून अन्न कसे शिजवावे येथपर्यंत सर्व त्यात आले आहे. चौथ्या विंशतीत राजाचे विनोद, म्हणजे करमणुकीचे प्रकार, सांगितले असून त्यांपैकी एक 'मत्स्यविनोद' आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गो. कृ. श्रीगोंदेकर यांनी या ग्रंथाचे संपादन केले. पहिला खंड १९२५ साली निघाला. पुढे १९५१ साली प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी मत्स्यविनोदाचा परामर्श घेऊन त्यातील ज्ञान किती बारकाईचे आहे हे दाखवून दिले.

या अध्यायात सुमारे पस्तीस जातींचे मासे येतात. समुद्रातले कोणते व नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, मोठे, मध्यम आणि लहान कोणते, अशी वर्गवारी केलेली आहे. मग प्रत्येकाला काय आवडते ते सांगितले आहे: कोणाला पिठाचे गोळे, कोणाला मांसाचे तुकडे. मासे एका ठिकाणी येऊ लागावेत म्हणून त्यांना आधी चारा घालून सवय लावावयाची, आणि मग गळ टाकावयाचा. ग्रंथाचा सारा भर आहे तो माशाची ओळख करून घेण्यावर. बळाला त्यात फारसे स्थान नाही.

असे का, हे सामग्रीचा विचार केला म्हणजे उमगते. आज दोरा गुंडाळण्याचे जे चाक काठीला लावतात ते आपल्याकडील जुन्या गळाला नव्हते. त्याचे सर्वांत जुने ज्ञात चित्र चीनमधील मा युआन या चित्रकाराचे असून ते बाराव्या शतकाच्या अखेरचे आहे. चाक नसले म्हणजे माशाला लांब पळू देता येत नाही. दोरा तोलला जातो तो केवळ काठीच्या वाकण्यावर आणि धरणाऱ्याच्या मनगटावर. मासा जोर करील तेव्हा ढील द्यावयाची, थकेल तेव्हा ताण घ्यावयाचा. घाई झाली की दोरा तुटलाच. आणि मुळात मासा लागावा यासाठी आमिष बिनचूक हवे. शिंगाळा किंवा मरळ हे शिकार करून जगणारे मासे. त्यांना लहान माशाचा ताजा, रक्ताळ तुकडा लागतो, आणि तो गळावर असा ओवावा लागतो की प्रवाहात सैल पडून निसटणार नाही. कावेरीकाठी महाशीराला नाचणीच्या पिठाचा शिजविलेला गोळा मानवतो. लोखंडी गळाला उत्तम खाद्याने झाकण्याची ही युक्ती किती प्राचीन आहे हे पाहावयाचे असेल, तर महाभारतातील विदुरनीती उघडावी. परिणामाचा विचार न करता असा गळ गिळणाऱ्या माशाचा दृष्टान्त विदुराने धृतराष्ट्राला दिला आहे. दृष्टान्त नेहमी सर्वांच्या परिचयाच्या गोष्टीचाच देतात.

आता येथे एक प्रश्न उभा राहतो. पस्तीस माशांच्या आवडीनिवडी राजाला कोणी सांगितल्या? सिंहासनावर बसून त्या कळत नाहीत. मराठी वाचकाला मानसोल्लास ठाऊक असतो तो दुसऱ्याच एका कारणाने: महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे आणि ओवीच्या इतिहासात ती मोलाची मानली जाते. ज्या राजाने कांडणाऱ्या बाईचे गाणे कान देऊन ऐकले, त्याने नदीकाठच्या धीवराचे बोलणेही ऐकले असेल, असे अनुमान करणे अनाठायी होणार नाही. ती बाई निनावी राहिली, तो धीवरही निनावी राहिला.

हाच प्रकार सातशे वर्षांनी पुन्हा घडला. मुंबई सरकारने १८२४ साली कर्नल साइक्स यांना दख्खनची सर्वांगीण माहिती गोळा करण्याच्या कामी नेमले. शेती, हवामान, पशुपक्षी यांच्याबरोबर त्यांनी भीमा, मुळा-मुठा अशा नद्यांतील मासेही तपासले आणि त्यांची वर्णने लंडनमध्ये प्रसिद्ध केली. शास्त्रीय नावे देताना त्यांनी पुष्कळदा नदीकाठची मराठी नावेच उचलली. आपल्या खडशीचे 'खुद्री' झाले, कोळशीचे 'कोलस' झाले. अलकुटी आणि नुक्ता यांनीही लॅटिन वेष धारण केला. दख्खनचा महाशीर आज साऱ्या जगात 'टॉर खुद्री' म्हणून ओळखला जातो. भोयाच्या तोंडचा शब्द असा जगाच्या शास्त्रात जाऊन बसला, ही अभिमानाची गोष्ट होय. पण त्याच यादीत एल्फिन्स्टनच्या नावाची वाम आहे आणि यॅरेल या इंग्रज पंडिताच्या नावाचा मासा आहे. ज्यांनी मासे धरून आणून दिले त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणत्याही माशाला लाभले नाही.

आमच्या लेखणीवाल्या वर्गाने तरी या विद्येकडे का पाहिले नाही? एक कारण उघड आहे. आमच्या भाषेत 'आमिष' हा शब्द मोहाचा आणि 'गळ' हा फसवणुकीचा पर्याय होऊन बसला. मासे धरणे हा विषय अभक्ष्याबरोबर घराबाहेर राहिला. त्या वृत्तीत करुणा होती आणि तिचे फळही मिळाले, हे नाकारता येणार नाही. रायगड जिल्ह्यात महाडच्या बाजूला काळ नदीवरील वाळणकोंडीत वरदायिनी देवीच्या छायेत महाशीर निर्भयपणे पोसले गेले आहेत. तेथे त्यांना कोणी हात लावीत नाही. परंतु करुणा एकटी पुरत नाही, याचाही एक धडा आपल्याच माशाने दिला आहे. महाशीर कमी होऊ लागला तेव्हा १९७० च्या सुमारास डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी त्याच्या कृत्रिम प्रजननाचा यत्न यशस्वी केला, आणि लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यकेंद्रात पिले वाढू लागली. काम स्तुत्यच होते. पुढे ती पिले कावेरीतही सोडण्यात आली. कावेरीत मात्र पाठीला उंचवटा असलेला एक निराळा, त्याहून प्रचंड महाशीर नांदत होता. पाहुणा फोफावला आणि घरचा मासा हटत गेला. टॉर रेमादेवी हेच त्या मूळ माशाचे शास्त्रीय नाव, हे २०१८ साली निश्चित झाले. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला. ज्याला सर्वजण 'महाशीर' म्हणून एकच समजत होते ते दोन होते, आणि हे कळण्यास उशीर झाला.

सोमेश्वराने प्रत्येक माशाचे पाणी वेगळे, प्रत्येकाचे अन्न वेगळे असे मांडून ठेवले, त्यातील सार हेच होते. सुरुंग लावून डोहच्या डोह मारणाऱ्याला माशांत भेद करावा लागत नाही. पिले आणून कोणत्याही नदीत ओतणाऱ्यालाही तो करावासा वाटला नाही. बारीक दोऱ्याने मासा धरणाऱ्याला मात्र तो करावाच लागतो, कारण त्याच्याजवळ दुसरे बळच नसते. म्हणून नदीचा खरा जाणकार त्याच्यात सापडण्याचा संभव अधिक.

आटपाडीच्या मुलखाला आज याचे महत्त्व नव्याने आले आहे. कराडजवळच्या टेंभू येथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर उचलून या तालुक्यापर्यंत आणले गेले आहे. ज्या तलावांना केवळ पावसाचा भरवसा होता त्यांना आता नदीचे पाणी मिळते. पाण्याबरोबर मासे येतात, आणि सोडलेले मासेही येतात. कटला, रोहू, चिलापी यांची नावे येथे परकी राहिलेली नाहीत. जुने कोणते उरले, नवे कोणते आले, कोणी कोणाची जागा घेतली, हे सांगू शकेल असा मनुष्य तलावाच्या काठावर भेंडाच्या तुकड्याकडे पाहत बसलेला आहे. त्याला 'रिकामटेकडा' म्हणून पुढे जाण्याऐवजी आपण घटकाभर त्याच्याजवळ बसावे, तो सांगेल ते लिहून घ्यावे, आणि या खेपेस माशांच्या नावांबरोबर सांगणाराचे नावही लिहावे.