खेकड्यांची गुणसूत्रं मोजण्याची खटपट

खेकडा, कोळंबी, शेवंड या कवचधाऱ्यांची गुणसूत्रं इवलीशी आणि बहुधा भरमसाट. काचपट्टीवर ती ढिगानेच दिसतात; हा ढीग सोडवायचा कसा, याचाच हा मागोवा.

बेल्जियममधल्या लूव्हाँचे झाँ-बाप्तिस्त कार्न्वा धर्मगुरूही होते आणि पेशीशास्त्रज्ञही. १८८५ साली त्यांनी संधिपादांच्या पेशीविभाजनावर प्रदीर्घ अभ्यास छापला. अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लाचं त्यांच्या नावाचं मिश्रण थोडंफार बदलून आजही कोळंबीच्या पेशी स्थिर करायला वापरतात.

पूर्वी वृषणं मेणात बसवून त्यांचे पातळ काप घेत. वृषणंच का? तिथे विभाजन पावणाऱ्या पेशी हमखास मिळतात म्हणून. पण कापात एखादं गुणसूत्र शेजारच्या कापात गेलं की हिशेब चुकलाच. पेशी रंगवून काचेखाली चेंगरण्याची रीत वनस्पतींच्या अभ्यासकांकडून आली. जपानच्या नीयामांनी १९५१ साली एका शंखखेकड्यात २५४ गुणसूत्रं नोंदवली, १९६२ साली गोड्या पाण्यातल्या एका क्रेफिशमध्ये ३७६! माणसाची ४६ ही संख्या १९५६ साली कुठे नक्की झाली. हे ध्यानात घेतलं की नीयामांच्या चिकाटीपुढे हात जोडावेसे वाटतात.

मोठी कलाटणी टेक्सासमध्ये मिळाली, तीही अपघाताने. टी. सी. शू यांच्या प्रयोगशाळेत १९५२ साली मानवी पेशी चुकून प्रमाणापेक्षा पातळ क्षारद्रावणात धुतल्या गेल्या. पेशी फुगल्या, गुणसूत्रं सुटी झाली. खेकड्यांसाठी मात्र ही युक्ती जशीच्या तशी उचलून भागत नाही. समुद्री खेकड्याचं रक्त जवळपास समुद्राच्या पाण्याइतकंच खारट, माणसाच्या सुमारे तिप्पट. त्याच्या पेशी फुगवायला समुद्राचंच पाणी निम्मं पातळ केलं तरी चालतं. त्याआधी कोल्चिसीन देऊन विभाजन मध्येच थांबवतात. माणसाच्या रक्तपेशी बाटलीत वाढवता येतात. कोळंबीच्या पेशींनी ती सोय वर्षानुवर्षं करू दिली नाही. म्हणून वृषणं, भ्रूण किंवा नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळ्या थेट वापरणंच भाग पडलं.

आता डीएनएचे कोणते तुकडे पेशीत एकमेकांजवळ असतात यावरून संगणक गुणसूत्रं जुळवतो. २०२१ साली टायगर कोळंबीचा जनुकसंच असाच ४४ गटांत बसवला गेला. पण असे गट पाडणाऱ्या काही संगणक-प्रणालींना किती गट हवेत हे आधी सांगावं लागतं. टायगर कोळंबीच्या ८८ गुणसूत्रांच्या ४४ जोड्या सूक्ष्मदर्शकाखाली केव्हाच मोजून झाल्या होत्या.