उन्हाळी डोंगरवाट : पेहराव व शिदोरी (हिंगोली जिल्हा)

मार्च ते जूनचा पहिला आठवडा या काळात हिंगोली जिल्ह्यातील डोंगरांत पायी हिंडताना अंगावर घालावयाचे कपडे व सोबत न्यावयाचे सामान. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात अजिंठ्याच्या रांगेचे फाटे पसरले असून ते हिंगोलीचे डोंगर म्हणून ओळखले जातात. उत्तर सीमेवर पैनगंगा, दक्षिणेकडे पूर्णा, मधून कयाधू. सेनगाव, हिंगोली, कळमनुरी व औंढा नागनाथ या तालुक्यांत चढउतार अधिक, वसमतचा बराचसा भाग सखल.

या डोंगरांची उंची बेताचीच आहे. सह्याद्रीतले उभे कडे येथे नाहीत, त्यामुळे नवखा माणूस या वाटा सोप्या समजतो आणि फसतो. येथील अडचण चढाची नसून उन्हाची आणि पाण्याची आहे. साग, पळस, सालई, धावडा, टेंभुर्णी यांचे हे पानगळीचे रान एप्रिलमध्ये उघडे पडते आणि सावली शोधावी लागते. बेसाल्टचा काळा कातळ दुपारभर तापतो व सूर्य मावळल्यावरही झळ सोडत राहतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तर मध्यान्हीचा सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली क्षणभर नाहीशी होते. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस होऊन ते नेहमीपेक्षा ४.५ अंशांनी वाढले, किंवा थेट ४५ अंशांवर गेले, की भारतीय हवामान विभाग उष्णतेची लाट धरतो. अशा इशाऱ्याच्या दिवशी डोंगर नको.

कपडे. गिर्यारोहणाच्या प्रचलित याद्यांत सुती कपडा टाळण्याचा सल्ला हमखास असतो. तो हिमालयासारख्या थंड डोंगरांसाठी बरोबर आहे, कारण घामाने भिजलेले सूत लवकर वाळत नाही आणि वाऱ्यात अंग गारठवते. हिंगोलीच्या मे महिन्यात नेमके हेच हवे असते. दुपारची हवा कोरडी असते, ओल्या सुतातून पाणी उडून जाते आणि जाताना अंगाची उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. म्हणून पूर्ण बाह्यांचा, सैल, फिक्या रंगाचा सुती सदरा आणि घोट्यापर्यंतची ढगळ विजार हा येथील योग्य पेहराव होय. अंगाला चिकटणारे कपडे आणि अर्ध्या चड्ड्या येथे निरुपयोगी. रंगापेक्षा सैलपणाला महत्त्व अधिक आहे. वाळवंटातील बेदुइन लोक काळे झगे का घालतात, याचा अभ्यास १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काळ्या कापडाने जास्त शोषलेली उष्णता झग्याच्या आतील मोकळ्या हवेमुळे कातडीपर्यंत पोहोचत नाही, असे त्यात आढळले.

हे शहाणपण येथील कष्टकऱ्यांना कोणाकडून शिकावे लागले नाही. रानात कामाला जाणारी बाई लुगड्यावर घरातल्या पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा चढवते आणि डोके-तोंड फडक्याने बांधून घेते. गुराख्याच्या डोक्याला पटका किंवा रुमाल असतो, खांद्यावर दस्ती असते. पटक्याचे थर उन्हाला अडवतात. तो भिजवून बांधला तर डोके गार राहते, सोडला तर मोळीखाली चुंबळ होते, मानेवर घेता येतो, मुरगळलेला पाय बांधता येतो, मधमाश्या उठल्या तर तोंडावर ओढता येतो. टोपी घालायचीच असेल तर चारी बाजूंनी रुंद काठाची घालावी. पुढेच काठ असलेल्या टोपीने मान व कान उघडे राहतात. एकच वस्तू घेऊन निघायचे ठरले, तर पाण्याखालोखाल हातभर रुंदीचे लांब सुती कापड घ्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

पायांत जाड तळव्याचे, बोटे झाकणारे पादत्राण हवे. बाभूळ, हिवर व बोरीचे काटे पातळ रबर सहज भेदतात. टायरच्या चपला खेड्यांत टिकून राहिल्या त्या काट्यांसाठीच. वर्षभर पडून असलेल्या बुटांच्या तळव्याचा डिंक तापलेल्या कातळावर सुटतो. निघण्याच्या आठवडाभर आधी ते घालून चालून पाहावे. वाळलेल्या गवताची कुसळे मोज्यांत घुसून पुढेपुढे सरकत जातात. त्यासाठी विजारीचे पाय मोज्यांवरून खाली सोडावेत आणि पिशवीत छोटा चिमटा ठेवावा.

पाणी. पूर्णेवर सिद्धेश्वर आणि पैनगंगेवर इसापूर अशी मोठी धरणे असली तरी ती नदीकाठी आहेत. डोंगरातले ओढे-नाले एप्रिलपर्यंत आटतात. नकाशावरील निळी रेघ पाहून पाण्याचा भरवसा धरणे ही येथील सर्वांत महाग पडणारी चूक आहे. उन्हात चढताना तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो, म्हणून अर्ध्या दिवसाच्या वाटेला माणशी चार लिटर पाणी घ्यावे. पूर्वी प्रवासी कापडी छागल नेत. तिच्या अंगातून पाझरलेले पाणी उडून जाई व आतले गार राही. आज बाटलीला ओला सुती मोजा चढवला की तेच साधते. तांब्या व लांब दोरी सोबत ठेवण्याची जुनी रीतही सोडू नये. वाटेवरच्या शेतातील विहिरीचे पाणी मालकाला विचारून शेंदावे आणि गाळून, निर्जंतुक करून प्यावे.

नुसते पाणी पुरत नाही, घामाबरोबर मीठही जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेल्या ओआरएसची २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यात मिसळायची असते. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. निघण्यापूर्वी मीठ घातलेले ताक किंवा कैरीचे पन्हे प्यावे. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, ही समजूत निराधार आहे. कांदा भाकरीबरोबर खावा.

शिदोरी. मराठवाड्यातील दशम्या व धपाटे हे मुळातच प्रवासाचे पदार्थ. दुधात भिजवलेली दशमी मऊ राहते आणि दिवसभर टिकते. सोबत शेंगदाण्याची चटणी, ठेचा, गूळ-शेंगदाणे. दहीभात, उसळी, कापलेली फळे दुपारपर्यंत आंबतात, ती नेऊ नयेत.

इतर सामानात काठी, शिट्टी, बॅटरी, जखमेवरची पट्टी, पूर्ण भारलेला मोबाइल आणि एक हलके मेणकापड. मेणकापड वळवासाठी. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर अचानक आभाळ भरून येते, गारा पडतात, विजा कोसळतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप विजेची पूर्वसूचना देते. ढग गडगडताच माथा सोडावा; एकट्या झाडाखाली थांबू नये. काठी मुख्यतः दगडाआडच्या विंचू-फुरशांसाठी, म्हणजे पुढची जागा ठोकून मग पाय टाकण्यासाठी. साप चावल्यास जखम कापू नये, करकचून बांधू नये. चावलेला अवयव न हलवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अत्तर आणि उग्र वासाचे तेल घरीच ठेवावे, त्याने आग्या मोहोळ चवताळते. काडेपेटीही नको. पाचोळ्याने भरलेल्या रानात एका ठिणगीने वणवा लागतो, आणि राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे.

चालण्याची वेळ हीदेखील सामानाइतकीच महत्त्वाची. मेमध्ये येथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. झुंजुमुंजू होताच निघावे. पंढरीला जाणाऱ्या दिंड्याही उन्हाच्या आधी पहिली मजल मारतात. डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे ही पहिली लक्षणे दिसताच सावलीत थांबावे. सोबती असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या, अंग चटके बसावे इतके तापले, तर तो उष्माघात आहे, मग घाम येत असो वा नसो. उरलेले सारे पाणी त्याच्या अंगावर ओतून पटक्याने वारा घालावा आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. सकाळी नऊनंतर या डोंगरांत चढ सुरू करू नये. निघायला उशीर झाला तर त्या दिवशीची वाट सोडून द्यावी.