थांबण्याची विद्या

मोटारीचा इतिहास सांगणारे ग्रंथ बहुधा इंजिनाची कथा सांगतात. अश्वशक्ती किती, वेग किती, शर्यत कोणी जिंकली, ह्यातच ते रमतात. ब्रेकची विचारपूस क्वचितच होते, आणि हा आम्हांस अन्याय वाटतो. जी गाडी हुकमी थांबत नाही तिचा वेग कागदावरच राहावयाचा. शहाणा चालक ती तेवढी पळवीतच नाही.

आरंभ चामड्यापासून झाला. १८८८ च्या ऑगस्टात बेर्टा बेंझ ह्या बाई दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याचीच मोटार काढून मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर दूर, माहेरी निघाल्या. उतारावर ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा वाटेतल्या एका चांभाराकडून बाईंनी त्यांवर चामडे ठोकून घेतले. आज गॅरेजात ज्याला आपण लायनर म्हणतो त्याचा हा पूर्वज. पुढे १८९७ च्या सुमारास इंग्लंडात डार्बिशरच्या डोंगरात हर्बर्ट फ्रूड ह्यांनी घोडागाडीवाले ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट ठोकतात हे पाहिले आणि त्यावरूनच त्यांना नव्या अस्तराची कल्पना सुचली, असे सांगतात. ‘फेरोडो’ हे नाव त्यांच्याच आडनावाची अक्षरे फिरवून झालेले आहे.

१९०२ साली लुई रेनो ह्यांनी चाकाबरोबर फिरणारा ड्रम आणि त्यात आतून दाबले जाणारे दोन शू अशी रचना रूढ केली. तरी कित्येक वर्षे ब्रेक मागच्या चाकांनाच असे. पुढची चाके अडविली तर गाडी वळणार नाही, घसरेल, अशी भीती होती. ती अगदीच खुळी नव्हती. पण ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात, आणि खरी पकड पुढेच मिळते. १९१९ च्या हिस्पानो-सुइझाने चारही चाकांच्या ब्रेकची थोरवी पटविली. ह्या नव्या गाड्या इतक्या चटकन थांबत की इंग्लंडात काहींच्या पाठीवर मागच्यांना सावध करणारा तांबडा त्रिकोण लावीत!

आता मुख्य मुद्दा. चार चाकांना चार ब्रेक, आणि त्यांना ओढणाऱ्या सळया नि तारा. तार ताणते, सांधे ढिले पडतात, लायनर कमीअधिक झिजतात. एक चाक आधी धरले की गाडी त्या बाजूला ओढ घेते. ओल्या रस्त्यावर ती आडवीच होते. म्हणून चारही चाके जॅकवर उचलून, पायपट्टी थोडी दाबून धरून, एकेक चाक हाताने फिरवून पाहावयाचे आणि चारही सारख्याच जोराने अडतील तोवर सळया कमीजास्त करावयाच्या. सतार लावणाऱ्याचा कान आणि ह्या मिस्त्रीचा हात ह्यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही.

ह्या कटकटीवर उतारा सापडला तो सतराव्या शतकातल्या पास्कालच्या सिद्धांतात: कोंडलेल्या द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. माल्कम लॉकहीड ह्यांनी तो ब्रेकला लावला, आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना तेलाचे ब्रेक आले. फोर्ड कंपनी मात्र १९३९ च्या मॉडेलपर्यंत लोखंडी सळयांनाच चिकटून राहिली. पोलादावर विश्वास, तेलावर नाही!

तेलाने ओढ सारखी केली. झीज काही थांबविली नाही. लायनर झिजला की शू आणि ड्रम ह्यांतली फट वाढते आणि पायपट्टी खोल जाऊ लागते. मग ड्रममागच्या पत्र्यावरचा चौकोनी डोक्याचा स्क्रू पान्याने चाक घट्ट अडेपर्यंत आवळावयाचा, आणि ते मोकळे फिरेल इतकाच परत सोडावयाचा. फार सोडला तर ब्रेक लागत नाही, कमी सोडला तर ड्रम तापतो. कुर्ल्यास तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रमच होते. तिची काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. १९५३ साली जग्वारने ल माँची शर्यत डिस्क ब्रेकवर जिंकली. डिस्कमधली झीज आपोआप भरून निघते, म्हणून हा पाना हळूहळू सुटत गेला.

पण आणखी एक हिशेब आहे. चामड्याची जागा ॲस्बेस्टॉसने घेतली, कारण ते तापले तरी जळत नाही. ड्रम उघडला की आतली काळी भुकटी फुंकून उडविणे ही गॅरेजांतली नित्याची रीत होती, आणि ती भुकटी फुप्फुसात जाई. रॉचडेलच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉस कातणारी नेली कर्शॉ १९२४ साली वारली. तिच्या फुप्फुसांची तपासणी डॉ. कुक ह्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केली. ब्रिटनमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी आली ती १९९९ मध्ये, पंचाहत्तर वर्षांनी. जुनी गाडी हौसेने बाळगणाऱ्याने आजही ड्रम उघडल्यावर हवेचा झोत मारू नये. ओल्या फडक्याने पुसावे, आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे.