मद्यार्काची नावे आणि आबकारीचा कायदा

नाशिकच्या अंबड येथील औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी ‘इथेनॉल’ हा शब्द उच्चारला असता ऐकणाऱ्याच्या मनात एक द्रावक उभा राहतो. रंग, औषधे, सुगंधी द्रव्ये यांच्या निर्मितीत त्याचा उपयोग होतो. त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेस, पेठ-सुरगाण्याकडे, मोहाच्या फुलांपासून उतरवितात ती ‘मोहाची’. दोहोंतील मादक द्रव्य रसायनदृष्ट्या एकच होय. परंतु त्यास कोणते नाव द्यावे हा प्रश्न केवळ कोशकारांचा राहिलेला नाही. जवळजवळ दीड शतक तो कायद्याचाही झाला आहे.

ह्या नावांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. ‘दारू’ हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ औषध. मराठीत तो अर्थ ‘दवादारू’ ह्या जोडशब्दात तेवढा शिल्लक राहिला. एरवी त्याच शब्दाने बंदुकीची दारूही दर्शविली जाऊ लागली. ‘अर्क’ म्हणजे अरबीत घाम. भट्टीच्या नळीतून ठिबकणाऱ्या थेंबांस ही उपमा चपखल बसते. संस्कृतातील सूर्यवाचक ‘अर्का’शी त्याचा संबंध नाही, आणि म्हणून ‘मद्यार्क’ हा भारदस्त दिसणारा शब्द वस्तुतः संस्कृत-अरबी संकर आहे. ‘अल्कोहोल’ची कथा तर ह्याहून विलक्षण. ‘अल्-कुह्ल’ म्हणजे डोळ्यांत घालावयाचा सुरमा. त्याच्या बारीक पुडीवरून युरोपातील किमयागारांनी हा शब्द कोणत्याही शुद्ध सारास आणि अखेर मद्यसारास लाविला.

शासनाने मात्र नावाकडे महसुलाच्या दृष्टीने पाहिले. ‘आबकारी’ ह्या फारसी शब्दात ‘आब’ म्हणजे पाणी. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने भट्ट्यांवरील सरकारी नियंत्रण घट्ट केले. १८९२ मध्ये मोहाच्या फुलांसाठीही स्वतंत्र कायदा झाला, म्हणजे मद्य होण्यापूर्वीच फुलाची गणना मद्यात झाली! १९४९ च्या मुंबई मद्यनिषेध कायद्याने ‘मद्य’ ह्या संज्ञेत स्पिरिट, विकृत केलेले स्पिरिट, ताडी आणि अल्कोहोल असलेले सर्व द्रव समाविष्ट केले. बलसारा खटल्यात (१९५१) सर्वोच्च न्यायालयाने ही व्यापक व्याख्या मान्य केली. परंतु मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने जवळ बाळगण्यावरील निर्बंध अवैध ठरविले. दारूचा जुना अर्थ असा न्यायालयात परत आला, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे १९९० मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने औद्योगिक मद्यार्क ‘मादक मद्य’ ह्या संज्ञेबाहेर ठेविला, कारण तो पेय नव्हे. येथे शरीराचा विचार करणे प्राप्त आहे. इथेनॉलचे यकृतात प्रथम ॲसिटाल्डिहाइड व नंतर ॲसिटेट होते. दीर्घकाळ अतिसेवन केल्यास यकृताची हानी होते. मिथेनॉल त्याच विकराच्या मार्गाने जाते, पण त्यापासून फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल निर्माण होऊन दृष्टी जाते, प्राणही जातो. दोन्ही द्रव रंगहीन असल्याने पिणाऱ्यास भेद कळत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित गावठी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. अशा विषबाधेवर इथेनॉल हाही एक उतारा आहे, कारण तो त्या विकरास गुंतवून ठेवितो. ‘दारू’चा मूळ अर्थ येथे अक्षरशः खरा ठरतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा मताने १९९० चा निर्णय फिरविला आणि औद्योगिक मद्यार्कही राज्यांच्या कक्षेत आणिला. न्यायमूर्ती नागरत्ना यांचे मत भिन्न होते: गैरवापर होऊ शकतो एवढ्यावरून औद्योगिक मद्यार्क मादक मद्य ठरत नाही. शब्दार्थाच्या दृष्टीने त्यांचा युक्तिवाद मला अधिक काटेकोर वाटतो. मालवणीची आठवण ठेविली तर बहुमताचा पक्ष सोडवत नाही. विशेष हे की, मुंबईच्या १९४९ च्या व्याख्येत विकृत स्पिरिट आधीपासूनच होते.