स्पेनमध्ये हिवाळ्यासाठी घर घ्यायचंय, पण मुलं शाळेत आहेत? आधी दिवसांचं गणित समजून घ्या

डिसेंबरमध्ये लंडनला दुपारी चारच्या सुमारासच अंधार पडतो. त्याच वेळी स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर मालागा परिसरात दिवसाचं तापमान १७ ते २० अंशांच्या आसपास असतं. विमानाने हे अंतर साधारण अडीच-तीन तासांचं. त्यामुळे गेली कित्येक दशकं ब्रिटिश लोक या किनाऱ्यावर घरं घेत आले आहेत. स्पेनमध्ये घर घेणाऱ्या परदेशी नागरिकांमध्ये वर्षानुवर्षं त्यांचाच वाटा सर्वांत मोठा राहिला आहे.

निवृत्त जोडप्यांसाठी हे गणित तुलनेने सोपं असतं. पण घरात शाळेत जाणारी मुलं असतील तर किमतीच्याही आधी एक प्रश्न येतो. या घरात हिवाळ्यातले नेमके किती दिवस राहता येणार?

घर घेतलं की राहण्याचा हक्क मिळतो का?

नाही. ब्रेक्झिटनंतरचा संक्रमण काळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. तेव्हापासून ब्रिटिश नागरिकांना शेंगेन क्षेत्रात व्हिसाशिवाय कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. स्पेनमध्ये स्वतःचं घर असलं तरी हा नियम बदलत नाही आणि तो लहान मुलांनाही लागू होतो.

हे ९० दिवस एकट्या स्पेनचे नाहीत. फ्रान्समध्ये बर्फात खेळायला घालवलेला आठवडाही त्यातच धरला जातो. येण्याचा आणि परतीचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने पासपोर्टवरच्या शिक्क्यांऐवजी डिजिटल नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली. त्यामुळे जादा राहिलेले दिवस आता सहज लक्षात येतात.

पूर्वी ५ लाख युरोंची मालमत्ता घेतली की 'गोल्डन व्हिसा' मिळायचा. स्पेनने ही योजना ३ एप्रिल २०२५ रोजी बंद केली.

मग जास्त दिवस कसं राहायचं?

त्यासाठी निवासाचा व्हिसा लागतो. स्पेनमध्ये काम न करता राहू इच्छिणाऱ्यांसाठी एक व्हिसा आहे. २०२५ च्या निकषानुसार मुख्य अर्जदाराकडे महिन्याला २,४०० युरो आणि कुटुंबातल्या प्रत्येक सदस्यामागे आणखी ६०० युरो उत्पन्न किंवा बचत दाखवावी लागते. आई, वडील आणि दोन मुलं असतील तर ही रक्कम महिन्याला ४,२०० युरो होते. परदेशी कंपनीसाठी ऑनलाइन काम करणाऱ्यांसाठी वेगळा 'डिजिटल नोमॅड' व्हिसा आहे.

व्हिसा मिळाला तरी मुलांच्या शाळेचा प्रश्न उरतोच.

इंग्लंडमधल्या शाळा किती सूट देतात?

फारच कमी. सहलीसाठी शाळा बुडवणं हे सहसा रजेचं मान्य कारण धरलं जात नाही. दहा शालेय आठवड्यांत विनापरवाना गैरहजेरी ५ दिवसांपर्यंत गेली की दंडाचा विचार होतो. ऑगस्ट २०२४ पासून हा दंड ८० पाउंड आहे. तो २१ दिवसांत भरला नाही तर १६० पाउंड होतो. दंड प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे वेगळा लागतो. म्हणजे दोन पालक आणि दोन मुलं असतील तर सुरुवातच ३२० पाउंडांनी होते. तीन वर्षांत तिसऱ्यांदा असं घडलं तर प्रकरण न्यायालयात जाऊ शकतं. तिथे २,५०० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

'एरवी मुलाची हजेरी चांगली आहे' हा बचावही चालत नाही. आइल ऑफ वाइटमधल्या एका वडिलांनी शाळा सुरू असताना मुलीला फ्लोरिडाला नेलं होतं. त्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये सांगितलं की नियमित हजेरी म्हणजे शाळेच्या नियमांप्रमाणे हजेरी.

मग हिवाळ्यात हाती किती दिवस उरतात?

ऑक्टोबरअखेरची एक आठवड्याची सुट्टी, नाताळचे साधारण दोन आठवडे आणि फेब्रुवारीतला एक आठवडा. म्हणजे जेमतेम चार आठवडे, तेही तीन तुकड्यांत. ९० दिवसांच्या मर्यादेपर्यंत हे कुटुंब पोहोचतच नाही, त्याआधी शाळेचं वेळापत्रक आडवं येतं. सर्वांत मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते. त्यामुळे हिवाळ्यासाठी घेतलेलं घर प्रत्यक्षात उन्हाळ्यातच जास्त वापरलं जातं. नाताळ आणि फेब्रुवारीच्या सुट्टीत विमानाची तिकिटंही महाग असतात, कारण सगळ्यांना सुट्टी एकाच वेळी असते.

मुलांना स्पेनमधल्या शाळेत घातलं तर?

ते शक्य आहे, पण मग ते केवळ हिवाळ्याचं घर राहत नाही. स्पेनमध्ये ६ ते १६ वर्षं हे सक्तीच्या शिक्षणाचं वय आहे आणि सरकारी शाळेत फी नसते. शालेय वर्ष सप्टेंबर ते जून चालतं. मालागा ज्या आंदालुसिया प्रांतात आहे, तिथे शिकवण्याची मुख्य भाषा स्पॅनिश आहे. व्हॅलेन्सिया प्रांतात व्हॅलेन्सियन आणि कातालोनियात कातालान भाषाही शिकावी लागते. शिवाय इंग्लंडच्या शाळेतून नाव काढलं तर वसंतात परतल्यावर तीच जागा मिळेल याची हमी नसते. घरी शिकवणं इंग्लंडमध्ये कायदेशीर आहे, पण त्यासाठीही शाळेतून नाव काढावं लागतं.

नॉर्डिक देशांतल्या कुटुंबांना यातून थोडी वाट मिळते. फुएंगिरोला शहरात स्वीडिश आणि फिनिश शाळा आहेत, तर अल्फास देल पी गावात नॉर्वेजियन शाळा आहे. मायदेशाचाच अभ्यासक्रम असल्याने मुलांचं वर्ष तुटत नाही आणि या नागरिकांना ९० दिवसांची अटही नाही.

कराचा हिशेब काय?

आंदालुसियात जुनं घर घेताना ७ टक्के हस्तांतरण कर लागतो. २ लाख युरोंच्या घरावर तो १४ हजार युरो होतो. वकील आणि नोंदणीचा खर्च वेगळा.

घर भाड्याने दिलं नाही तरी अनिवासी मालकाला दरवर्षी कर भरावा लागतो. घराच्या सरकारी मूल्याच्या १.१ किंवा २ टक्के रक्कम उत्पन्न मानली जाते. त्यावर ब्रिटिश मालकांना २४ टक्के कर लागतो. सरकारी मूल्य १ लाख युरो आणि दर १.१ टक्के असेल तर वर्षाला २६४ युरो. नगरपालिकेचा मालमत्ता कर आणि सोसायटीचा देखभाल खर्चही बाराही महिने चालू राहतो.

कॅलेंडर वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस राहिलात तर स्पेन तुम्हाला करदृष्ट्या रहिवासी मानतं. पती किंवा पत्नी आणि अल्पवयीन मुलं स्पेनमध्ये राहत असतील, तर कामासाठी लंडनला ये-जा करणारा पालकही रहिवासी असल्याचं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या पालकावर येते.

भारतीय पासपोर्ट असेल तर?

लंडनमध्ये राहणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या कुटुंबाला स्पेनला जाण्यासाठी आधी शेंगेन व्हिसा काढावा लागतो. ९० दिवसांची मर्यादा त्यांनाही आहे. भारतातून थेट घर घ्यायचं तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. हे घर भारतातल्या आयकर विवरणपत्रात दाखवणं बंधनकारक आहे.

घेण्याआधी काय तपासावं?

शाळेचं पुढच्या वर्षाचं वेळापत्रक समोर ठेवा आणि त्या घरात प्रत्यक्ष राहता येतील असे दिवस मोजा. वर्षभराचा कर, देखभाल आणि कर्जाचा हप्ता मिळून होणाऱ्या रकमेला त्या दिवसांनी भागा. एका दिवसाचा जो आकडा येईल, त्याची तुलना त्याच गावातल्या भाड्याच्या घराशी करा. शक्य असेल तर एक हिवाळा भाड्याने राहून पाहा. मुलं दहावी-बारावीच्या वयाच्या जवळ असतील तर परीक्षांची वर्षं आधीच वगळा. त्या हिवाळ्यांत घर बहुधा बंदच राहील.